बग्गीचे शॉकअप आणि स्प्रिंगा: एक पावसाळा, एक उन्हाळा वापरून

माझी बग्गी म्हणजे पाइपची चेसी, मागे मारुती ८०० चं इंजिन, चारही चाकांना कॉइलओव्हर, म्हणजे स्प्रिंग चढवलेला शॉकअप. गाडीचं पासिंग (आरटीओ नोंदणी) होणं शक्य नाही, त्यामुळे ती फिरते शेतातल्या वाटांवर आणि कोरड्या ओढ्यात. सस्पेन्शनला तिथे दयामाया नाही.

स्प्रिंग मागितली की दुकानदार विचारतो, "गाडी किती किलोची?" त्याआधी विचारायला हवं, शॉकअप आर्मवर (चाक आणि चेसी जोडणाऱ्या दांडीवर) कुठे पकडलाय? माझ्याकडे पुढचं चाक १० मिमी उचललं की शॉकअप ७ मिमी दबतो. गुणोत्तर ०.७, पण कडकपणा त्याच्या वर्गाने (०.७ × ०.७) घटतो. म्हणजे चाकाशी स्प्रिंगचा निम्माच कडकपणा उरतो. पुढच्या एकेका चाकावर स्प्रिंगने तोलायचं वजन साधारण १०० किलो. गाडीची झुलण्याची गती १.६ हर्ट्झ (सेकंदाला १.६ हेलकावे) धरली तर चाकाशी १० न्यूटन प्रति मिमी लागतात, म्हणून स्प्रिंग साडेवीस न्यूटन प्रति मिमीची घेतली, बाजारच्या भाषेत १२० पाउंडवाली (पाउंड प्रति इंच). शॉकअप आत सरकवून ०.६ वर पकडला असता तर २८ ची लागली असती, आणि ब्रॅकेटवरचा भारही वाढला असता.

खालच्या ब्रॅकेटला १५ मिमी अंतराने तीन भोकं ठेवली. खर्च नगण्य, उपयोग भरपूर. चिखलात आतलं भोक, गाडी मऊ, उन्हाळ्यात मधलं. भोक बदललं की उंची मात्र परत लावावी लागते. कॉलर, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाची आट्यांवर फिरणारी कडी, त्यासाठीच असते. कॉलर आवळली की स्प्रिंग कडक होते, असं छातीठोकपणे सांगणारे प्रत्येक गॅरेजात भेटतात. ते खरं नाही, कडकपणा तारेची जाडी, वेढे आणि व्यास ठरवतात. १० मिमीची तार ११ ची केली तर तो जवळजवळ दीडपट होतो!

फॅब्रिकेटर वरचं माउंटिंग एकाच पत्र्यावर करू म्हणत होता. मी दोन्ही बाजूंनी पत्रे घ्यायला लावले. बोल्ट अजून सरळ आहे, भोकं लांबट झालेली नाहीत.

शॉकअप किती दबतो ते कळावं म्हणून त्याच्या दांड्यावर केबल टाय बांधून ठेवलाय, दबताना तो सरकतो. बांधावरून उतरल्यावर तो बंप रबरापासून (शेवटचा धक्का झेलणाऱ्या रबरापासून) बोटभर अंतरावर थांबतो, म्हणजे प्रवास पुरेपूर वापरला जातो आणि गाडी आपटतही नाही.

शॉकअपच्या टोकांचे 'रोज जॉइंट' (गोळीवर फिरणारे लोखंडी सांधे) मात्र ओढ्याच्या रेतीत टिकले नाहीत. पावसाळ्यातच खडखडायला लागले, खालच्या टोकाला आता रबर बुश आहेत. मागचा डावा शॉकअप तेलाने ओला दिसतोय. सील सुटं मिळत नाही, अख्खा नग घ्या म्हणतात. पुढच्या वेळी उघडता येणारेच घेणार, महाग पडले तरी.