पुरवणीतल्या बातमीने विकलेला प्लॉट

जमिनीच्या व्यवहारात कोणी फसलं की ऐकणारा पहिलं वाक्य ठरलेलं बोलतो, "कागद नीट बघायला हवे होते." कागदांचं मी पुढे सांगणारच आहे. पण आमची फसवणूक कागदांपाशी पोचण्याच्या कितीतरी आधी पूर्ण झाली होती. कर्जत तालुक्यातल्या त्या माळावर आम्ही पाऊल ठेवलं तेव्हा आमचं मत बनलेलं होतं. ते बनवलं होतं घरी रोज येणाऱ्या वर्तमानपत्राने, रविवार सकाळच्या टीव्हीने आणि लोकलच्या डब्यात चिकटवलेल्या जाहिरातींनी. तेच सगळं आज पुन्हा सुरू झालेलं दिसतंय, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

२०१३ साल. नवी मुंबईच्या विमानतळाला पर्यावरण मंजुरी मिळून तीनेक वर्षं झाली होती, ती नोव्हेंबर २०१० मधली. जानेवारी २०१३ मध्ये विमानतळाभोवतीच्या २७० गावांसाठी सिडको या शहरं वसवणाऱ्या सरकारी कंपनीला नियोजन प्राधिकरण नेमलं गेलं आणि 'नैना' हे त्या भागाचं नाव घरोघरी पोचलं. या बातम्या खऱ्या होत्या. त्यांच्यात खोटं काहीच नव्हतं, हे नीट लक्षात ठेवा, कारण सगळा खेळ त्या खरेपणावर उभा होता. सोमवारी पहिल्या पानावर विमानतळाची बातमी, बुधवारी आतल्या पानावर सिडकोची, आणि शनिवारी मालमत्ता पुरवणीत 'विमानतळापासून २५ मिनिटांवर बंगलो प्लॉट'. तिन्ही एकाच कागदावर, एकाच टाइपात. वाचणाऱ्याच्या डोक्यात त्यांची एकच बातमी होते.

माझे सासरे, आम्ही त्यांना नाना म्हणतो, जिल्हा परिषदेच्या शाळेतून मुख्याध्यापक म्हणून निवृत्त झाले. वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचणारा माणूस. जाहिरातींवर त्यांचा विश्वास कधीच नव्हता. पानभर जाहिरात आली की ते पान उलटायचे. त्यांना पटला तो जाहिरातीशेजारचा लेख. 'कर्जत: गुंतवणुकीचं नवं केंद्र' अशा धाटणीचं शीर्षक, खाली 'प्रतिनिधी', मजकुरात एका 'मालमत्ता तज्ज्ञां'चं मत, दोन वर्षांत भाव दुप्पट झाल्याचं सांगणाऱ्या एका गुंतवणूकदार जोडप्याचा फोटो. पानाच्या कोपऱ्यात मुंगीएवढ्या अक्षरांत 'कंझ्युमर कनेक्ट इनिशिएटिव्ह' असं छापलेलं होतं. चाळीस वर्षं मुलांचे पेपर तपासलेल्या माणसालाही त्या तीन शब्दांवरून हे पान विकलेलं आहे असा अर्थ लागला नाही. लागू नये म्हणूनच ते शब्द तसे निवडलेले असतात, असं माझं स्पष्ट मत आहे. 'जाहिरात' हा शब्द सगळ्यांना कळतो. तो छापायला काय हरकत होती?

मग रविवारी टीव्हीवर अर्ध्या तासाचा कार्यक्रम लागला. मालिकेतून घराघरांत पोचलेली एक अभिनेत्री त्याच प्रकल्पाच्या कमानीखाली उभी राहून त्याच तज्ज्ञांना प्रश्न विचारत होती. ठाण्यात मालमत्ता प्रदर्शन भरलं, तिथे त्या कंपनीचा स्टॉल, आणि स्टॉलवर 'मीडिया पार्टनर' म्हणून आमच्याच वर्तमानपत्राचं बोधचिन्ह. माझ्या नवऱ्याने शंका काढली तेव्हा नाना म्हणाले, "अरे, एकाने सांगितलं असतं तर मीही मानलं नसतं. पेपरात आलंय, टीव्हीवर आलंय, प्रदर्शनात सरकारी योजनांच्या शेजारी त्यांचा स्टॉल आहे. सगळे मिळून खोटं बोलतील का?"

हा युक्तिवाद चुकीचा नाही. कोर्टसुद्धा एकापेक्षा चार साक्षीदारांना जास्त वजन देतं. पण इथे चार साक्षीदार नव्हतेच. नंतर, सगळं बुडाल्यावर, एका जाहिरात संस्थेत काम केलेल्या ओळखीच्या मुलाने आम्हाला समजावून सांगितलं की याला 'पॅकेज' म्हणतात. पानभर जाहिरात घेतली की सोबत दोन कॉलमांचा लेख, प्रदर्शनात सवलतीत स्टॉल, वाहिनीवरचा स्लॉट वेगळे पैसे भरून. लेखाचा मजकूर कंपनीच्याच एजन्सीकडून तयार होऊन येतो. आमच्या बाबतीत ते तज्ज्ञ कंपनीचेच सल्लागार निघाले. फोटोतलं गुंतवणूकदार जोडपं तर दुसऱ्या एका प्रकल्पाच्या माहितीपत्रकावर 'समाधानी रहिवासी' म्हणून आम्हाला पुन्हा दिसलं. बोलणारा एकच होता. त्याने चार तोंडं भाड्याने घेतली होती, आणि त्यातलं एक तोंड असं होतं ज्यावर आमच्या घराने दोन पिढ्या विश्वास ठेवला होता. विकला गेला तो खरं तर हा विश्वास.

साइट व्हिजिटची बस डोंबिवलीहून सुटायची, नाश्ता मोफत. जागेवर दगडी कमान, रांगेने लावलेली रोपं, चुन्याने आखलेले प्लॉट आणि पोहण्याच्या तलावासाठी खणलेला खड्डा. "मॅडम, रस्त्यालगतचे थोडेच राहिलेत," असं तिथला मुलगा सांगत होता. एनएची, म्हणजे बिगरशेती परवानगीची, फाइल कलेक्टर कचेरीत आहे, मंजुरी आली की खरेदीखत, तोवर अ‍ॅलॉटमेंट लेटर आणि नोटरी केलेला करारनामा. नानांच्या ग्रॅच्युइटीतले साडेचार लाख हप्त्याहप्त्याने गेले. त्या दिवशी आमच्यापैकी कोणी माळ बघितलाच नाही, असं आता वाटतं. आम्ही पुरवणीतलं रंगीत चित्र बघत होतो, आणि माळावर जे दिसत नव्हतं ते चित्रातून भरून घेत होतो. चित्रातल्या नकाशात विमानतळ, हायवे आणि आमचा प्लॉट एका बोटावर मावत होते. नकाशाला मोजमाप नव्हतं. 'नैना'चा पिवळा रंग आमच्या प्लॉटच्या गावावर सांडलेला दाखवला होता. ते गाव त्या २७० गावांत नव्हतंच.

दोन वर्षं 'मंजुरी येतेय' ऐकल्यावर आम्ही तलाठी कार्यालयात गेलो. तलाठ्याने गट नंबर बघितला आणि म्हणाला, "ताई, ही जमीन ठाकरांची आहे. छत्तीस-अ लागलंय. हिचा व्यवहार होतच नाही." महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ३६ अ प्रमाणे आदिवासीची जमीन जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बिगर-आदिवासीकडे जात नाही. सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' या रकान्यात तशी नोंद होती. शिवाय आमच्या नावावर कुठेच शेती नाही, आणि कूळकायद्याचं कलम ६३ बिगर-शेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेऊ देत नाही. म्हणजे आमच्या हातातल्या कागदाला दोन बाजूंनी अर्थ नव्हता.

त्या ठाकर आदिवासी कुटुंबाला आम्ही भेटलो. म्हातारीला थोडे पैसे देऊन कुठल्याशा कागदावर अंगठा घेतला होता. कसला कागद, हे तिला कोणी वाचून दाखवलं नव्हतं. तिच्या मुलाला एवढंच सांगितलं होतं की रस्ता होणार आहे, म्हणून जमीन मोजायची आहे. त्यांच्या नाचणीच्या वरकस जमिनीवर ती कमान उभी होती. पुरवणीतल्या लेखात निसर्ग होता, धबधबा होता, 'शुद्ध हवा' होती, माणूस एकही नव्हता. मला या सगळ्यात सर्वांत जास्त टोचतं ते हे. आमचे पैसे गेले, पण त्या लेखाने एक अख्खं कुटुंब त्याच्याच जमिनीवरून पुसून टाकलं, आणि आम्हाला माळ मोकळा दिसला.

नानांनी संपादकांना पत्र लिहिलं. सुवाच्य अक्षरात, कात्रणाची प्रत जोडून. दोन ओळींचं उत्तर आलं: ते पान मार्केटिंग विभागाचं आहे, आणि जाहिरातींतील दाव्यांची वाचकांनी स्वतः खातरजमा करावी अशी सूचना अंकात छापलेली असते. सूचना खरोखर असते. ती कुठे असते, हे आजच्या अंकात शोधून बघा.

कायद्याचीही या बाबतीत एक बाजू आहे, ती ठाऊक असावी. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ चं कलम २१ दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी उत्पादकाला आणि ती करणाऱ्या प्रसिद्ध व्यक्तीला १० लाखांपर्यंत दंड ठेवतं, पुन्हा केल्यास ५० लाखांपर्यंत. जाहिरात छापणाऱ्यालाही १० लाखांपर्यंत दंड आहे. पण नेहमीच्या व्यवसायाचा भाग म्हणून छापली असं सिद्ध केलं की छापणारा सुटू शकतो. निव्वळ जाहिरात असेल तर ही सवलत मी समजू शकते. बातमीचा वेश चढवून छापलेल्या मजकुराला ती का मिळावी, हे मला आजही कळत नाही.

हा रोग नवा नाही आणि फक्त जमिनीपुरता नाही. २००९ च्या विधानसभा निवडणुकीत महाराष्ट्रातल्या स्पर्धक वर्तमानपत्रांत एकाच उमेदवाराची स्तुती शब्दन् शब्द सारखी छापून आली आणि 'पेड न्यूज' हा विषय देशभर गाजला. प्रेस कौन्सिलच्या दोन सदस्यांच्या उपसमितीने नावं घेऊन सविस्तर लिहिलं, पण कौन्सिलने २०१० मध्ये आधी त्याची कापलेली आवृत्तीच स्वीकारली. त्याच वर्षी शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीला सांगावं लागलं की ज्या कंपन्यांत माध्यमसंस्थांची भागीदारी आहे, त्यांच्याविषयी बातमी देताना ती भागीदारी वाचकांना कळवा. जाहिरातीच्या बदल्यात शेअर घेण्याची पद्धत तोवर सर्रास झाली होती. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींच्या प्रकरणात पतंजलीच्या वकिलांना विचारलं की तुमचा माफीनामा तुमच्या जाहिरातींएवढ्या आकाराचा आहे का, आणि छापलेली कात्रणं मूळ मापात आणायला सांगितली. तो प्रश्न वाचून नाना म्हणाले, "हा प्रश्न आपल्या वेळी कोणीतरी विचारायला हवा होता." आम्हाला प्लॉट विकणाऱ्या कंपनीच्या संचालकांना अटक झाली तेव्हा त्याच वर्तमानपत्रात आतल्या पानावर चार ओळींची बातमी होती, आणि तीत कंपनीचं नाव नव्हतं.

आता आजचं. विमानतळाचं भूमिपूजन फेब्रुवारी २०१८ मध्ये झालं, उद्घाटन ८ ऑक्टोबर २०२५ ला. अटल सेतू जानेवारी २०२४ मध्ये खुला झाला. उरण, पनवेल, पेण तालुक्यांतल्या १२४ गावांसाठी त्याच वर्षी नवनगराची अधिसूचना निघाली आणि तिला सगळे 'तिसरी मुंबई' म्हणू लागले. पनवेल-कर्जत उपनगरी रेल्वेमार्गाचं काम चालू आहे. पुन्हा एकदा सगळ्या बातम्या खऱ्या आहेत. आणि पुन्हा त्यांच्या शेजारी, त्याच टाइपात, पार कर्जत-मुरबाडपर्यंतचे प्लॉट 'तिसऱ्या मुंबईत' म्हणून विकले जात आहेत. फरक इतकाच की 'प्रतिनिधी'च्या जागी आता कोकणात फिरणारे यूट्यूबर आणि इन्स्टाग्रामवरची मुलं आली आहेत. ड्रोनने घेतलेल्या चित्रफितीत 'पेड पार्टनरशिप' एवढंच, तेही असलं तर, वरच्या कोपऱ्यात.

एका जागेबद्दल चार ठिकाणी ऐकलं तर चारही ठिकाणचा मजकूर शेजारी ठेवून वाचा. तेच अंतर, तोच तज्ज्ञ, तीच 'दुप्पट'ची भाषा दिसली तर ती एकच जाहिरात आहे असं समजा. घर-प्लॉट घेणाऱ्यांच्या संरक्षणासाठी असलेल्या रेरा कायद्यानुसार ५०० चौरस मीटरपेक्षा मोठ्या जागेवर प्लॉट पाडून विकायचे असतील तर नोंदणीआधी जाहिरातच करता येत नाही, आणि १ ऑगस्ट २०२३ पासून महारेराने, म्हणजे या कायद्याच्या राज्यातल्या प्राधिकरणाने, जाहिरातीत क्यूआर कोड बंधनकारक केला आहे. तो स्कॅन करा आणि उघडलेल्या पानावरचं गाव व गट नंबर सातबाऱ्याशी जुळवा. "ही शेतजमीन आहे, रेरा लागत नाही" असं कोणी म्हणालं तर त्याच क्षणी विचारा की मग बिगर-शेतकऱ्याला विकताय कशी. सातबारा ऑनलाइन मिळतो, पण जुने फेरफार, म्हणजे मालकी बदलल्याच्या नोंदी, तलाठ्याकडे बसून वाचा, 'इतर हक्क' सोडू नका. आणि जागेवर कंपनीच्या बसने जाऊ नका. एसटीने किंवा टमटमने जा, जवळच्या वाडीत पाणी मागा, ही जमीन कोणाची ते विचारा. दुपारपर्यंत सगळं कळतं.

आमची तक्रार आर्थिक गुन्हे शाखेत आहे, ठेवीदारांच्या हितसंरक्षण कायद्याखाली काही मालमत्ता जप्त झाली आहे, पैसे अजून मिळालेले नाहीत. आमचा व्यवहार रेरा येण्याआधीचा. तुमचा २०१७ नंतरचा असेल तर एक महत्त्वाची गोष्ट: रेराच्या कलम १२ प्रमाणे खोट्या जाहिरातीवर विसंबून पैसे भरले असतील तर ते व्याजासह परत मागता येतात आणि नुकसानभरपाईही मागता येते. त्यासाठी जाहिरात हाताशी लागते. पावत्यांसोबत पुरवणीचं ते अख्खं पान, कोपऱ्यातल्या बारीक अक्षरांसकट, तारखेसह जपून ठेवा. रील असेल तर ती काढून टाकली जाण्याआधी स्क्रीन रेकॉर्ड करा.