कॅसेटवाला क्लॉक रेडिओ: आतून उघडून, साफ करून वापरल्यावरचा रिव्ह्यू

जुना कॅसेटवाला क्लॉक रेडिओ घ्यावा का, किंवा घरातला बंद पडलेला दुरुस्त करावा का, तर माझं उत्तर हो आहे. घड्याळ आणि रेडिओसाठी बिनधास्त हो, कॅसेटसाठी मात्र मनाची थोडी तयारी ठेवून हो. कारण हा एक डबा दिसत असला तरी आत तीन वेगवेगळी यंत्रं आहेत आणि तिघांचं वय सारखं वाढत नाही. घड्याळाची आयसी, म्हणजे चिप, वर्षानुवर्षं ढिम्म चालत राहते, रेडिओला जेमतेम धूळ लागते, आणि कॅसेटचा भाग रबरावर चालतो म्हणून तोच आधी जातो.

माझा सेट लाल आकड्यांचा, वर कॅसेटचं झाकण, बाजूला एकच स्पीकर असा साधा आहे. कॅसेट फिरत नव्हती, व्हॉल्यूम फिरवला की खरखर यायची आणि आवाज बंद केला तरी मागे गुणगुण चालू असायची. एका दुरुस्तीवाल्याने तर न उघडताच बोर्ड गेलाय म्हणून सांगून टाकलं. बोर्ड अजिबात गेला नव्हता. ही लक्षणं असलेल्या बहुतेक सेटचा बोर्ड ठणठणीत असतो, त्यामुळे असं कोणी न उघडता सांगितलं तर सेट परत घेऊन या.

उघडायच्या आधी एक गोष्ट नक्की लक्षात ठेवा, या यंत्राला खरा ऑफ स्विच नसतो. घड्याळ कायम चालू ठेवायचं असतं म्हणून ट्रान्सफॉर्मरवर मेनचा करंट सतत असतो, बटण ऑफ केलं तरी. प्लग काढायचाच, आणि मेनची वायर जिथे ट्रान्सफॉर्मरला लागते तिथलं इन्सुलेशन आधी बघून घ्यायचं. सेट पूर्ण मेलेला असेल, आकडेही लागत नसतील, तर वायर आणि ट्रान्सफॉर्मर आधी तपासा, बऱ्याच ट्रान्सफॉर्मरच्या गुंडाळीतच एक थर्मल फ्यूज (जास्त तापलं की उडणारा) दडवलेला असतो आणि तो उडाला की सगळंच बंद.

आता कॅसेट. ही कॅसेट फिलिप्सने १९६३ मध्ये आणली, टेप जेमतेम ३.८१ मिलिमीटर रुंद आणि वेग सेकंदाला ४.७६ सेंटीमीटर. एवढ्या हळू वेगात जरा जरी अडखळलं तरी कानाला लगेच कळतं, गाण्याचा सूर हलतो. माझ्या सेटमध्ये मोटरवरून चाकं फिरवणाऱ्या रबरी बेल्टचं डांबर झालं होतं, अक्षरशः, म्हणजे बेल्ट असा उरलाच नव्हता, फ्लायव्हीलच्या (वेग एकसारखा ठेवणारं जड चाक) कडेला आणि मोटरच्या पुलीला काळा चिकट लेप बसला होता आणि बोटाला लागला की साबणानेही निघत नव्हता. हे सगळं आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि कापसाच्या काड्यांनी पुसावं लागतं, आणि पूर्ण पुसावं लागतं, पुलीच्या खाचेत जरासा जरी राहिला तरी नवा बेल्ट त्यावरून उड्या मारतो. या कामात घाई नको, सगळ्या दुरुस्तीत सगळ्यात जास्त वेळ यालाच जातो आणि तो द्यायलाच हवा.

नवा बेल्ट कुठल्या मापाचा घ्यायचा हे जुना वितळलेला असेल तर कळत नाही. मग दोरा घ्या, बेल्ट ज्या ज्या चाकांवरून जातो तिथून तो फिरवा, लांबी मोजा आणि त्यापेक्षा पाच ते दहा टक्के कमी घेराचा बेल्ट घ्या. फार घट्ट घेतला तर मोटरच्या बुशवर (दांडा ज्यात फिरतो ती कडी) ताण येतो, सैल घेतला तर प्ले चालेल पण रिवाइंडला शेवटी शेवटी दम निघतो. जाडीही बघा, जुना चौकोनी होता तर चौकोनीच.

यानंतर हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग), कॅप्स्टन (टेप पुढे ओढणारा बारीक फिरता दांडा) आणि पिंच रोलर. हेडवर तपकिरी थर दिसतो, तो टेपवरून सुटलेला ऑक्साइड, पुसला की दबलेला आवाज एकदम मोकळा होतो. पिंच रोलर म्हणजे टेपला कॅप्स्टनवर दाबून धरणारं छोटं रबरी चाक, ते चकचकीत दिसायला लागलं की टेप नीट पकडत नाही आणि मग टेप आत गुंतते. हेडजवळच्या एका स्क्रूवर बहुतेक वेळा रंगाचा ठिपका असतो, तो कारखान्यात हेडचा कोन जुळवल्याची खूण. साफसफाईनंतरही एकापेक्षा जास्त कॅसेटवर बारीक आवाज, झांजा वगैरे, ऐकूच येत नसतील तरच त्याला हात लावा, नाहीतर नको. वेग तपासायला ३००० किंवा ३१५० हर्ट्झचा सूर भरलेली टेस्ट टेप लावायची आणि मोबाईलवर फ्रिक्वेन्सी दाखवणारं ॲप उघडायचं. कमीजास्त असेल तर बऱ्याच मोटरच्या मागे एक बारीक भोक असतं, त्यात पातळ स्क्रूड्रायव्हर घालून अगदी केसभर फिरवायचं.

आता या यंत्राबद्दलची माझी खरी तक्रार. कॅसेटवर अलार्म लावायची सोय बहुतेकांना सगळ्यात भारी वाटते, आवडत्या गाण्याने उठायचं वगैरे, पण यांत्रिक बटणांच्या सेटमध्ये त्यासाठी रात्रीच प्ले दाबून ठेवावं लागतं. घड्याळ फक्त वीज देतं, बटण काही ते दाबत नाही. म्हणजे रात्रभर पिंच रोलर बंद कॅप्स्टनवर दाबलेला राहतो, टेप मधे चेपलेली, आणि रोज असं केलं की रोलरला खळगा पडतो. मग प्रत्येक फेऱ्याला सूर डुलतो, आणि बेल्ट बदलून, वेग जुळवूनही तो डुलतच राहतो कारण दोष बेल्टमध्ये नाहीच. स्लीप टायमर लावून कॅसेट ऐकत झोपलात तरी तेच, वेळ संपली की वीज जाते पण बटण खालीच. म्हणून अलार्मला रेडिओ किंवा बझर लावा आणि कॅसेट संपली की स्टॉप दाबा, एवढ्याने रोलर कितीतरी जास्त टिकतो. खळगा पडलाच असेल तर त्याच व्यासाचा आणि रुंदीचा नवा रोलर बसवणं हाच उपाय, घासून गोल करायला जाऊ नका, व्यास कमी झाला की दाब बिघडतो.

घड्याळाच्या भागाचं मला मनापासून कौतुक आहे. जुन्या सेटमध्ये क्वार्ट्झ नसतं, घड्याळ मेनच्या विजेचे हेलकावे मोजतं, ५० हर्ट्झ असेल तर ५० मोजले की एक सेकंद. त्यामुळे दुसऱ्या देशातून आणलेला ६० हर्ट्झचा सेट ५० वर लावला तर तासाला दहा मिनिटं मागे पडतो, घड्याळ बिघडलंय असं समजून टाकून देऊ नका, आयसीची एक पिन कशी जोडलीय त्यावर ५० की ६० ते ठरतं. व्होल्टेज मात्र आधी बघा, ते चुकलं तर ट्रान्सफॉर्मर जळेल. २०१८ च्या सुरुवातीला युरोपात ग्रिडची फ्रिक्वेन्सी सर्बिया आणि कोसोव्होच्या वादामुळे थोडी कमी राहिली तर खंडभरातली अशी घड्याळं मार्चपर्यंत जवळजवळ सहा मिनिटं मागे पडली होती. म्हणजे घड्याळं बरोबरच मोजत होती, वीजच हळू होती.

वीज गेल्यावर चालणारी ९ व्होल्टची बॅटरी मात्र काटेकोर वेळेसाठी नाही. तेव्हा आयसी एका साध्या रेझिस्टर आणि कंडेन्सरच्या ऑसिलेटरवर चालते, आकडे विझलेले असतात आणि वेळ पुढेमागे होते, तेवढं चालायचंच. बॅटरी वर्षानुवर्षं आत विसरू नका, गळली की क्लिप हिरवी पडते. आणि आकड्यांचे काही ठरावीक तुकडे एकदम गायब झाले तर डिस्प्ले गेला असं लगेच समजू नका, बऱ्याच सेटमध्ये आकड्यांचे दोन गट आळीपाळीने पेटतात, त्यातल्या एका गटाचा डायोड किंवा पट्टीच्या वायरचा ड्राय सोल्डर (नीट न धरलेला सोल्डरचा जोड) हे आधी बघा.

खरखर घालवायला व्हॉल्यूम कंट्रोलमध्ये आणि रेडिओ-टेपच्या सरकत्या स्विचमध्ये काँटॅक्ट क्लीनर मारून भरपूर फिरवलं, संपलं. गुणगुण म्हणजे पॉवर सप्लायचा मोठा कंडेन्सर सुकलेला, तेवढ्याच मायक्रोफॅरडचा, व्होल्टेज तेवढंच किंवा जास्त, आणि प्लस-मायनस बघून लावायचा. फक्त मीडियम वेव्हवरच कर्कश आवाज येत असेल तर सेट खोलण्याआधी जवळचे मोबाईल चार्जर आणि एलईडी दिवे बंद करून बघा, बऱ्याचदा दोष त्यांचाच असतो. फेराइट रॉडवरच्या (मीडियम वेव्हची आतली अँटेना) वायरी केसाएवढ्या बारीक असतात, साफ करताना ब्रश तिकडे नेऊच नका.

विकत घेताना टेप न घालता झाकण उघडून प्ले दाबा. मोटरचा आवाज येतोय पण चाक फिरत नाही तर बहुधा बेल्टच, खुशाल घ्या. मोटरचाच आवाज नाही तर पानाचा स्विच (प्ले दाबल्यावर मोटरला वीज देणाऱ्या पातळ पट्ट्यांचा) किंवा मोटर, तेव्हा भाव कमी करूनच घ्या. आणि घरी आल्यावर पहिली कॅसेट साठ मिनिटांचीच लावा, एकशेवीसवाल्यांची टेप फार पातळ असते, ती नव्या बेल्टवर सुद्धा गुंतू शकते.