पार्किंगमध्ये अडीच तासांत गाडीला सिरॅमिक कोटिंग: माझे साडेआठ हजार कसे गेले, कृपया वाचा

हे लिहायला मला चार महिने लागले कारण लाज वाटत होती, आणि लाज वाटली म्हणून गप्प बसलो, आणि मी गप्प बसलो म्हणून आमच्याच बिल्डिंगमधल्या अजून दोघांचे पैसे गेले. त्यातल्या एका काकांना तर मीच सांगितलं होतं की काका करून घ्या, मस्त काम करतात. ते अजूनही माझ्याशी नीट बोलतात, एक शब्द लावून बोलले नाहीत, पण लिफ्टमध्ये भेटले की मला खाली बघावंसं वाटतं.

आम्ही गोव्यात पर्वरीला राहतो, तिसरा मजला, पार्किंग स्टिल्टखाली. गाडी बलेनो, गडद निळी, पाच वर्षं हप्ते भरून गेल्या वर्षी लोन फिटलं. फ्लॅटमध्ये राहून गाडी स्वच्छ ठेवणं म्हणजे काय ते इथल्या लोकांना सांगायला नको. खाली नळ आहे पण सोसायटीने पाईप लावायला बंदी केलीय, आणि ते बरोबरच आहे कारण मे महिन्यात टँकर मागवावा लागतो तिथे गाड्यांवर पाणी कोण ओतू देणार. हायवेवर उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून धूळ तर अशी की सकाळी पुसलेल्या बॉनेटवर संध्याकाळी बोटाने नाव लिहावं. महिन्याला पैसे घेऊन गाड्या पुसणारा एक मुलगा येतो, बिचारा मेहनती आहे पण एकच बादली आणि एकच फडकं, त्याच पाण्यात पंधरा गाड्या. वरून बोअरचं पाणी, ते उन्हात सुकलं की काचेवर पांढरे ठिपके. या सगळ्याने दोन-तीन वर्षांत गाडीवर ते गोल गोल कोळ्याच्या जाळ्यासारखे ओरखडे आले होते, उन्हात उभी केली की दिसायचे आणि माझा जीव जळायचा.

तर मे महिन्यातला रविवार. सकाळी दोघेजण छोटी व्हॅन घेऊन आले, वॉचमनला सांगितलं सेक्रेटरीची परवानगी आहे (नव्हती, नंतर कळलं). टेबल मांडलं, बॅनर लावला, मान्सून ऑफर, सिरॅमिक कोटिंग (म्हणजे गाडीच्या रंगावर लावायचा पारदर्शक संरक्षक थर), नाईन एच (याचा अर्थ पुढे सांगतो), 5 वर्षं वॉरंटी, 16 हजारांचं काम साडेआठ हजारात, घरबसल्या. बोलायला एकदम गोड. मी नुसता बघत उभा होतो तर त्यातला एक कोंकणीत म्हणाला, "पात्रांव, भियेनाकात (साहेब, घाबरू नका), अर्धें बॉनेट फुकट करून दाखयतां, आवडलें जाल्यारच पयशे." फुकट आहे तर बघूया म्हटलं.

इथेच सगळा खेळ आहे म्हणून हे जरा सविस्तर सांगतो. त्याने बॉनेटच्या मधोमध टेप लावली. एका बाजूला मशीन फिरवलं, मग एका स्प्रेच्या बाटलीतून दुधासारखं पांढरं काहीतरी मारलं, सेंटसारखा गोड वास येत होता, फडक्याने पुसलं आणि टेप काढली. खरं सांगतो, डोळ्यांवर विश्वास बसेना. एक बाजू मळकट आणि दुसरीत वरच्या स्लॅबचे पाईप आरशासारखे दिसतायत, एकही ओरखडा नाही. मग त्याने बाटलीने पाणी शिंपडलं, इकडे पाणी पसरलं आणि तिकडे अळूच्या पानावर असतात तसे गोल थेंब, घरंगळून खाली. तोवर सात-आठ शेजारी जमले होते. माझी मुलगी टाळ्या वाजवायला लागली. मी त्याच क्षणी हो म्हटलं.

5 हजार आधी, साडेतीन काम झाल्यावर. क्यूआर स्कॅन केला तर कार्डावरचं नाव वेगळं आणि फोनवर आलेलं नाव वेगळं. मी विचारलं, तर म्हणाला भावाचं खातं आहे. तिथेच थांबायला हवं होतं.

अडीच तासांत गाडी झाली. उघड्या पार्किंगमध्ये, बाजूने गाड्या ये-जा करतायत, धूळ उडतेय. चाकांवर त्याने कसलंतरी पाणी मारलं, फेस आला आणि उग्र वास आला, अलॉय क्षणात चकाचक. ते पाणी खाली पेव्हर ब्लॉकवर ओघळलं तिथेही फसफसलं, मी बघितलं पण लक्षात काही आलं नाही. शेवटी त्याने एक जाड चकचकीत वॉरंटी कार्ड दिलं, शिक्का, सही, पणजीचा पत्ता. म्हणाला सात दिवस पाणी लावू नका. हे बरंचसं खरं असतं हे मला नंतर कळलं, खऱ्या कोटिंगलाही सात दिवस शाम्पू लावत नाहीत, म्हणजे त्याला धंद्यातलं सगळं माहीत होतं, फक्त करायचं नव्हतं.

जून लागला, पाऊस सुरू झाला. पहिल्या आठवड्यात थेंब छान उभे राहत होते, मी बाल्कनीतून बायकोला दाखवत होतो. तीन वेळा गाडी धुतली आणि थेंब बंद. पाणी पूर्वीसारखंच पसरायला लागलं. मग एका दुपारी ऊन पडलं आणि मी ऑफिसच्या बाहेर गाडीजवळ गेलो तर बॉनेटवर जुने ओरखडे तर परत आलेच होते, शिवाय नवीन काहीतरी, तेलाचा तवंग असावा तशा लांब लांब वळणाच्या छटा, गाडीभोवती फिरलो की त्याही माझ्याबरोबर फिरत होत्या. डाव्या हेडलाईटच्या वरच्या कडेला बोटभर जागेत निळा रंग फिकट होऊन आतला राखाडी दिसत होता. अलॉयवर पांढुरके डाग. फोन केला. पहिल्यांदा उचलला, म्हणाला पावसात असं होतं, ऑगस्टमध्ये मेंटेनन्स कोट मारतो, दीड हजार द्या. दुसऱ्यांदा म्हणाला तुम्ही चुकीचा शाम्पू वापरला, वॉरंटी गेली. तिसऱ्यांदा नंबर बंद. कार्डावरच्या पत्त्यावर गेलो, तिथे झेरॉक्सचं दुकान, त्या बिचाऱ्या माणसाने सांगितलं माझ्याआधी दोघेजण असेच कार्ड घेऊन येऊन गेले.

मग मित्राच्या ओळखीने एका डिटेलिंगवाल्याकडे गेलो, जो गाड्यांचं पॉलिश-कोटिंगचं हेच काम बरीच वर्षं करतोय. त्याने आधी काहीच विचारलं नाही. शटर खाली ओढलं, अंधार केला आणि टॉर्च बॉनेटवर धरला. म्हणाला दादा इकडे बघा, हे होलोग्राम, म्हणजे या फिरत्या छटा, रोटरी (नुसतं गोल फिरणारं पॉलिशचं) मशीन जोरात फिरवल्याचे. माझ्या गाडीची डिकी त्या लोकांनी शेवटी घाईत केली होती आणि तिथे अजून थोडी चमक शिल्लक होती. तर याने एका फडक्यावर आयपीए घेतलं, म्हणजे आयसोप्रोपिल अल्कोहोल पाण्यात मिसळलेलं, आणि डिकीवर हातभर जागा एकदाच पुसली. बस. त्या हातभर जागेतली चमक गेली आणि खालून सगळे ओरखडे जसेच्या तसे वर आले. फडक्यावर तेलकट पिवळट डाग. म्हणाला हे ग्लेझ आहे, तेल आणि फिलर, ओरखड्यांच्या खाचांत भरून बसतं म्हणून ओरखडे दिसत नाहीत, आणि सिलिकॉन असतं म्हणून पाण्याचे थेंब उभे राहतात. खरं कोटिंग आयपीएने पुसून जात नाही.

मी तिथे स्टुलावर बसलो थोडा वेळ.

मग त्याने रंगाची जाडी मोजायचं छोटं यंत्र आणलं. टपावर 112 मायक्रॉन, दारांवर 108, 115 असं, बॉनेटच्या मध्ये 81. त्या राखाडी कडेला तर मोजायचं कारणच नव्हतं. त्याने समजावलं की कंपनीच्या रंगात सगळ्यात वरचा थर असतो क्लिअरकोट, पारदर्शक, साधारण 40 ते 50 मायक्रॉन, माणसाच्या केसाहून बारीक. उन्हापासून खालच्या रंगाला तोच वाचवतो. पॉलिश करणं म्हणजे तो थर थोडा थोडा घासून काढणं, आणि तो परत येत नाही. माझ्या बॉनेटचा बराचसा त्यांनी अडीच तासांत खाऊन टाकला होता. पैसे गेले त्यापेक्षा मला हे जास्त लागलं. साडेआठ हजार मी परत कमवीन, पण गोव्याच्या उन्हात आणि खाऱ्या हवेत आता ते बॉनेट सोलायला लागेल तेव्हा पूर्ण रंगच नव्याने मारावा लागणार, आणि तो कंपनीच्या रंगाशी जुळेल न जुळेल. चाकांवर मारलं ते ॲसिड होतं, अलॉयवरचा लॅकर, म्हणजे वरचा पारदर्शक लेप, त्याने गेला.

खरं काम कसं असतं तेही त्याने सांगितलं आणि नंतर मी एका गाडीवर होताना बघितलंही. आधी गाडी धुवायची, मग क्ले बार, म्हणजे मातीच्या गोळ्यासारखी एक वडी निसरडं पाणी मारून फिरवतात, रंगाला चिकटलेली धूळ, लोखंडाचे कण त्यात निघून येतात. हात फिरवला की आधी बारीक वाळूसारखं लागायचं ते काचेसारखं गुळगुळीत होतं. मग डीए मशीनने (ड्युअल ॲक्शन, रोटरीपेक्षा सौम्य) पॉलिश, पॅनल पॅनल करत, यालाच पूर्ण दिवस जातो कधी कधी दोन. मग आयपीएने पुसून सगळं तेल काढायचं म्हणजे जे दिसतंय ते खरं दिसतंय. आणि मग कोटिंग, 30 किंवा 50 मिलीची छोटी काचेची बाटली, पारदर्शक द्रव, ठोकळ्याला गुंडाळलेल्या फडक्यावर थेंब थेंब घेऊन दीड-दोन फुटांच्या तुकड्यात लावतात, मिनिटभरात इंद्रधनुष्यासारखी झाक येते तेव्हा पुसून सारखं करायचं. बंद जागा लागते, धूळ चालत नाही, आणि निदान पहिले 24 तास पाण्याचा थेंब नको. त्याने माझ्या गाडीचं कोटेशन दिलं 18 हजार आणि वर म्हणाला दादा आत्ता करू नका, तुमच्या बॉनेटला मी परत मशीन लावणार नाही. हे ऐकून त्या माणसावर माझा विश्वास बसला. आणि ते नाईन एच, ती पेन्सिलने ओरखडा काढून बघायच्या चाचणीची पातळी आहे, त्याचा अर्थ दगड लागला तरी ओरखडा येत नाही असा मुळीच नाही. बाटलीवर काहीही छापता येतं.

म्हणून पार्किंगमध्ये कोणी डेमो दाखवला तर थेंबांवर जाऊ नका, साध्या वॅक्सनेही थेंब येतात. त्याला सांगा की मशीन फिरवून झाल्यावर, कोटिंग लावायच्या आधी आयपीएने पुसून दाखव, घरी सॅनिटायझर बनवायला घेतलेली बाटली पडून असेल तर तीच पाण्यात मिसळून खाली घेऊन जा. खरा माणूस खुशाल पुसू देईल. बाटलीचं सील तुमच्यासमोर तोडायला लावा, खोक्यावरचा नंबर कंपनीकडे विचारा, बिल जीएसटी नंबरसकट मागा. कार्डाला बिल समजू नका, मी तेच समजलो.

कारण पुढे काय झालं ते असं. 1915 वर फोन केला, ती राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन, तिथल्या बाईंनी नीट ऐकून घेतलं, तक्रार नोंदवली. जिल्हा ग्राहक आयोगातही जाता येतं, 2 वर्षांच्या आत, 5 लाखांपर्यंतच्या कामाला फी लागत नाही आणि वकीलही सक्तीचा नाही. पण समोरच्याचं नाव काय, पत्ता काय? माझ्याकडे काय, खोटं कार्ड आणि तिसऱ्याच नावाचा यूपीआयचा स्क्रीनशॉट. सोसायटीच्या सीसीटीव्हीत व्हॅनचा नंबर असणार म्हणून धावत गेलो तर फुटेज पंधरा दिवसांचंच राहतं, त्यावर नवीन चढलेलं. मी जूनमध्येच तोंड उघडलं असतं तर इतरांनी बोलावलं तेव्हा तरी व्हॅन सापडली असती, कारण जुलैमध्ये ते परत आले होते, आमच्याच बिल्डिंगमध्ये, वरच्या वहिनींची गाडी करायला, आणि मी त्या दिवशी ऑफिसला. नंतर मीटिंगमध्ये मी उठून सगळं सांगितलं तेव्हा एकेक करत सात गाड्या निघाल्या. सातही जणांना वाटत होतं आपल्याच एकट्याचं बिघडलं, आपणच शाम्पू चुकीचा वापरला. पोलिसांत अर्ज सातांनी मिळून दिलाय, यूपीआयचे नंबर जोडून. आता गेटवर वॉचमन बाहेरच्या प्रत्येक गाडीचा नंबर लिहून घेतो.

गाडी आता मीच धुतो, रविवारी सकाळी सातला, बॉनेट गार असताना. दोन बादल्या, एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत फडकं खळबळायला साधं पाणी, आणि पाच लिटरचा झाडांना फवारणीचा पंप, त्याने आधी धूळ भिजवून खाली जाऊ द्यायची, कोरडं फडकं लावायचंच नाही. वर टपापासून सुरुवात, खालचा चिखलाचा भाग शेवटी आणि त्याला वेगळं फडकं. भांड्यांचा साबण नाही. सगळं मिळून 30-35 लिटरात होतं, सोसायटीची तक्रार नाही. पुसणाऱ्या मुलालाही मी एक जास्तीची बादली आणि चार मायक्रोफायबर आणून दिलीत, त्याला कोणी कधी सांगितलंच नव्हतं.

आणि आजच हे लिहायला बसलो त्याचं कारण परवा म्हापशाच्या मावसभावाने एक मेसेज पाठवला, दादा हे कसे आहेत, आमच्या कॉम्प्लेक्समध्ये रविवारी येणार आहेत. दिवाळी ऑफर, किंमत आता 7,999, फोन नंबर नवीन. खाली आधी आणि नंतरचा फोटो, मधोमध टेप लावलेलं निळं बॉनेट. मी फोटो मोठा करून बघितला. मागच्या खांबावर पिवळ्या रंगात माझा पार्किंग नंबर आहे.