खानदेशच्या काळ्या मातीत मेटल डिटेक्टर: काही महिन्यांच्या वापरानंतर

मध्यम किमतीचा आणि एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सींवर चालणारा मेटल डिटेक्टर मी गेल्या खरिपापासून जुनी नाणी शोधण्यासाठी वापरतो आहे, तोही घरच्या आणि नातलगांच्या शेतात, मालकाला विचारूनच. कंपनीचे नाव मुद्दाम घेत नाही, कारण हे यंत्र आपल्याकडे कसे चालेल हे कंपनीपेक्षा आपली जमीन आणि आपली नाणी यांवर अधिक ठरते, असे माझे मत झाले आहे.

तापी-गिरणेच्या खोऱ्यातली काळी माती बेसाल्टची झीज होऊन तयार झालेली असल्यामुळे तिच्यात लोहयुक्त खनिजे भरपूर असतात आणि यंत्राला ती स्वतःच धातूसारखी जाणवते. म्हणून सुरुवातीला यंत्राच्या दांड्याच्या टोकाची शोधक चकती जमिनीजवळ खालीवर करून ग्राउंड बॅलन्स, म्हणजे मातीचा स्वतःचा संकेत वजा करण्याची जुळणी, साधावा लागतो, आणि बांध ओलांडून मुरमाड तुकड्यात शिरले की तो पुन्हा साधावा लागतो. मे महिन्यात रानाला भेगा पडतात तेव्हा भेगेवरून चकती जाताच खाली काही नसतानाही कुरकुर ऐकू येते. नांगरटीनंतर ढेकळांवरून चकती उंच धरावी लागत असल्याने शोधाची खोली घटते, आणि भर पावसाळ्यात चिकट गाळ चकतीला लगडतो. वाफसा, म्हणजे जमिनीत बेताची ओल, असताना मात्र यंत्र शांत आणि विश्वासू वाटते. माझे सगळे चांगले शोध त्याच दिवसांतले आहेत.

दुसरी अडचण नाण्यांची. ‘कॉइन मोड’ हा लोखंड म्हणजे कचरा असे धरून बनवलेला असतो, पण आपला 1992 नंतरचा स्टीलचा रुपया चुंबकाला चिकटतो. अंगणात मुद्दाम नाणी पुरून पाहिली, तेव्हा हा रुपया कधी लोखंड समजून गाळला गेला, तर कधी सोड्याच्या बाटलीच्या झाकणासारखा फसवा, चढा सूर देऊन गेला. जुन्याच्या शोधात असणाऱ्याला ही एका परीने सोयच आहे, कारण अलीकडची चिल्लर बरीचशी आपोआप गळते. मात्र 1947 चा रुपया शुद्ध निकेलचा, म्हणजे तोही चुंबकाला चिकटणारा, त्यामुळे लोखंडाची गाळणी पूर्ण चालू ठेवली तर तोही हातचा जातो. अॅल्युमिनियमची पाच आणि दहा पैशांची नाणी गोळ्यांच्या पाकिटाच्या फॉइलच्या आसपासचा आकडा (धातू ओळखण्यासाठी यंत्र पडद्यावर देते तो) दाखवतात. तिथे खणून पाहण्याला पर्याय नाही.

तांबे आणि कांसे यांच्याबाबतीत यंत्र खरोखर उत्तम आहे. गिरणाकाठच्या एका शेतात, विहिरीशेजारच्या निंबाखाली, एक सूर दोन्ही दिशांनी सारखाच गोड लागला आणि आकडाही हलला नाही. खुरप्याने चार बोटे माती काढली, ढेकूळ हातात फोडले आणि इंचभर रुंदीचे हिरवट नाणे निघाले. नुसत्या पाण्यात भिजवल्यावर पंचम जॉर्जचा मुखवटा आणि 1935 हे साल दिसू लागले: पाव आणा. असे नाणे घासू नये. हिरवा थर खरवडला की नक्षीही जाते. बांधावर बसलेल्या बाबांनी मात्र ‘काय सापडनं रे भाऊ?’ एवढेच विचारले आणि पाव आणा पाहून निराश झाले. हातात हे यंत्र दिसले की लोकांना गुप्तधनच आठवते, त्यामुळे गावात आधीच सांगून ठेवलेले बरे.

कायद्याचा भाग गंभीरपणे घ्यावा. 1878 च्या भारतीय निखात निधी कायद्यानुसार जमिनीत दडलेला, दहा रुपयांपेक्षा अधिक किमतीचा ठेवा सापडल्यास जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावे लागते, आणि शंभर वर्षांपेक्षा जुनी वस्तू 1972 च्या कायद्याखाली पुरावस्तू ठरते. खानदेशच्या फारुकी सुलतानांचे थाळनेर, ताम्रपाषाणयुगीन वस्तीचे अवशेष सापडलेले प्रकाशे आणि बहाळ, अशा ठिकाणी हे यंत्र घेऊन फिरकूच नये.

यंत्र पेन्सिल सेलवर चालते, ही खेड्यात मोठी सोय. सेल कोणत्याही किराणा दुकानात मिळतात. मोठ्या चकतीचा मोह टाळून त्या पैशांत खड्ड्यात किंवा ढेकळात नाण्याची नेमकी जागा दाखवणारा, हातात धरायचा पिनपॉइंटर घ्यावा, कारण काळ्या मातीच्या ढेकळात तांब्याचे मळलेले नाणे डोळ्यांना दिसतच नाही.