आयलंड पीकची गाइडेड मोहीम: पहिला हप्ता भरल्यापासून दहा महिन्यांचा अनुभव

गेल्या ऑगस्टमध्ये मुंबईतल्या एका कंपनीकडे आयलंड पीकच्या मोहिमेचा पहिला हप्ता भरला. एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात शिखरावर पोचले. आता जून संपत आलाय. पायाच्या अंगठ्याचं काळं पडलेलं नख अजून पूर्ण आलेलं नाही आणि कंपनीशी पत्रव्यवहार अजून चालू आहे. लिहायला मुद्दाम वेळ घेतला. काठमांडूहून उतरल्या उतरल्या लिहिलं असतं तर नुसतं कौतुक झालं असतं, पुढच्या पंधरवड्यात लिहिलं असतं तर नुसता राग.

माझं वय ४४, राहायला मुलुंडला, बँकेत नोकरी. सह्याद्रीत पंधरा वर्षं फिरतेय. कळसूबाई किती वेळा झालं याचा हिशोब नाही, नळीच्या वाटेने हरिश्चंद्रगड झाला, अलंग-मदन-कुलंगही झालं. पण बर्फावर पाऊल कधी टाकलं नव्हतं. आयलंड पीक, म्हणजे इम्जा त्से, ६,१८९ मीटर. नेपाळच्या परमिटच्या यादीत ते 'ट्रेकिंग पीक' आहे आणि या शब्दाने फार लोक फसतात. वर शेवटी खडी बर्फाची भिंत आहे, फिक्स रोपवर, म्हणजे आधीच बांधून ठेवलेल्या दोरावर, जुमार (फक्त वर सरकणारी, दात असलेली पकड) लावून चढावी लागते. १९५३ साली एव्हरेस्टच्या ब्रिटिश तुकडीने सराव म्हणून हे शिखर चढलं होतं, यावरून काय ते समजावं.

कंपनीने सोळा आठवड्यांचं ट्रेनिंगचं वेळापत्रक पाठवलं. चांगलं होतं, पण ते मुंबईसाठी लिहिलेलं नव्हतं. 'डोंगरउतारावर आठवड्यातून तीनदा' असं लिहून भागत नाही, इथे सकाळी ८:१२ची लोकल पकडायची असते. मी आमच्या चौदा मजल्यांच्या बिल्डिंगचा जिना धरला. एका फेरीत साधारण ४० मीटर चढ, वीस फेऱ्या म्हणजे ८०० मीटर. पाठीवर बारा किलो, तेही पाण्याच्या बाटल्यांचं. वर गेलं की गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायचं आणि मोकळ्या सॅकने उतरायचं. चढताना पूर्ण वजन मिळतं आणि उतरताना गुडघे वाचतात. खाली परत बाटल्या भरायच्या. वॉचमन काकांनी तिसऱ्या आठवड्यापासून माझ्यासाठी नळाजवळ स्टूल ठेवायला सुरुवात केली.

याहून उपयोगी पडलं ते हातांचं काम, आणि ते वेळापत्रकात नव्हतंच. खिडकीच्या ग्रिलला दोरी बांधली. लोकरीचे हातमोजे घालून, डोळे मिटून कॅराबिनर (कमरेच्या पट्ट्याला जोडलेली, उघडणारी धातूची कडी) उघडायचा, दोरीत अडकवायचा, लॉक करायचा, मग जुमार काढून गाठीच्या वर लावायचा. क्रम कधीच चुकवायचा नाही: आधी सेफ्टी, म्हणजे तो कॅराबिनर, गाठीपलीकडे, मग जुमार. महिन्याभराने हे जमलं तेव्हा बर्फाच्या ट्रेमध्ये पाच मिनिटं बोटं बुडवून परत करून पाहिलं. बोटं बधिर झाली की लॉकचा स्क्रू फिरलाय की नाही हे कळतच नाही, नजरेने पाहावं लागतं. हे मला स्वयंपाकघरात कळलं म्हणून वर त्याचा धसका बसला नाही.

आता मोहिमेबद्दल. कंपनीला मी सगळ्यात जास्त मार्क देते ते कार्यक्रमाच्या आखणीला. तुम्ही कुठेही पैसे भरणार असाल तर ब्रोशरमधला शिखराचा फोटो बाजूला ठेवा आणि रात्री झोपायची उंची कागदावर लिहून काढा. आमची अशी होती: नामचे ३,४४० मीटर दोन रात्री, तेंगबोचे ३,८६०, दिंगबोचे ४,४१० दोन रात्री, छुकुंग ४,७३० दोन रात्री, मग बेसकॅम्प साधारण ५,१००. तीन हजार मीटरच्या वर झोपायची उंची रोज साधारण ५०० मीटरहून जास्त वाढवू नये आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा डॉक्टरांचा सर्वमान्य नियम. साडेपाच हजार मीटरवर हवेचा दाब मुंबईच्या निम्मा असतो. फुप्फुसं कितीही तगडी असली तरी शरीराला या बदलाशी जुळवून घ्यायला दिवसच लागतात. दुसऱ्या एका कंपनीने मला तीस हजार रुपये स्वस्त भाव दिला होता. नीट पाहिलं तर त्यांनी दिंगबोचेची आणि छुकुंगची एकेक रात्र कापली होती.

दिंगबोचेच्या त्या दुसऱ्या रात्रीचं मोल मी डोळ्यांनी पाहिलं. आमच्यात ठाण्याचे एक काका होते, ५८ वर्षांचे, चालायला आम्हा सगळ्यांच्या पुढे. आमचा सिरदार, म्हणजे शेर्पांचा प्रमुख, रोज संध्याकाळी ऑक्सिमीटर लावायचा आणि लेक लुईस स्कोअर, म्हणजे उंचीच्या आजाराचे मार्क, विचारायचा: डोकेदुखी, पोट, थकवा, चक्कर, प्रत्येकी शून्य ते तीन. २०१८ पासून झोपेचा प्रश्न त्यातून काढून टाकलाय, कारण उंचीवर झोप सगळ्यांचीच बिघडते. काका रोज चारही ठिकाणी शून्य सांगायचे. त्या रात्री जेवणानंतर आम्ही शेगडीभोवती बसलो होतो. काका बुटाची नाडी बांधायला वाकले आणि वर येताना दोनदा थांबले. मी अगदी समोर बसले होते, मला त्यात काहीच वाटलं नाही. सिरदारने हातातला चहा खाली ठेवला, काकांच्या शेजारी जाऊन बसला आणि त्यांना म्हणाला, "काका, जरा खोकून दाखवा."

खोकल्यात घरघर होती. ऑक्सिमीटरवर ६६. बाकी आम्ही ८० ते ८५ मध्ये होतो. काका म्हणत राहिले, "अरे दमलोय नुसता, सकाळी बरा होईन." सिरदार एकदाही आवाज चढवून बोलला नाही. ऑक्सिजन लावला, दोन माणसं बरोबर दिली आणि रात्री साडेनऊला त्यांना फेरीचेला हलवलं. तिथे हिमालयन रेस्क्यू असोसिएशनचा दवाखाना आहे, वसंत आणि शरद ऋतूत डॉक्टर असतात. फुप्फुसात पाणी व्हायला लागलं होतं. सकाळी हेलिकॉप्टरने काठमांडू, चार दिवसांत ठणठणीत. त्या दिवशी मुक्काम नसता तर त्या रात्री आम्ही आणखी तीनशे मीटर वर झोपलेलो असतो. उंचीवरचा आजार फिटनेस बघून येत नाही, आणि कंपनी ही गोष्ट ब्रोशरमध्ये कधीच ठळक लिहीत नाही, याचं मला वाईट वाटतं.

डायमॉक्सबद्दल, म्हणजे उंचीचा त्रास होऊ नये म्हणून घ्यायच्या गोळीबद्दल, सगळे विचारतात. मी डॉक्टरांना विचारून १२५ मिलिग्रॅम सकाळ-संध्याकाळ घेतली. बोटांच्या टोकांना मुंग्या येतात, लघवीला सारखं जावं लागतं, सोड्याची चव पाणचट लागते. सल्फाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आधी सांगा. विम्याचं मात्र स्वतः वाचा. आपल्याकडच्या बऱ्याच ट्रॅव्हल पॉलिसींत दोर लावून केलेलं गिर्यारोहण सरळ वगळलेलं असतं. काकांनी वेगळी पॉलिसी काढली होती म्हणून त्यांचे पैसे वाचले, नाहीतर हेलिकॉप्टरचा खर्च खिशातून गेला असता.

तक्रारी दोन. पहिली बुटांची. डबल बूट (बर्फासाठीचे दुहेरी थरांचे बूट) काठमांडूत भाड्याने मिळतील, काळजी नको, असं मुंबईच्या ऑफिसने तीन वेळा सांगितलं. तिथल्या ठामेलच्या बाजारात बायकांच्या मापाचे बूट शोधण्यात अर्धा दिवस गेला. मला ३८ लागतो, शेवटी ३९ घेतला, दुकानातल्या गालिच्यावर तो छान बसला. शिखरावरून बेसकॅम्पपर्यंत हजार मीटर उतरताना प्रत्येक पावलाला अंगठा पुढे आपटत होता. दुकानात बूट घातल्यावर नुसतं चालून पाहू नका. वर जे दोन मोजे घालणार तेच घाला, जिना उतरून पाहा, भिंतीवर चवडा आपटून पाहा. अंगठा लागला तर बूट परत द्या.

दुसरी तक्रार मोठी आहे. ईमेलवर मला दोन जणांमागे एक क्लाइंबिंग शेर्पा सांगितला होता. काठमांडूत पोचल्यावर कळलं, आठ जणांना तीन. काका गेल्यावर सात जण. पहाटे सव्वाला निघालो, उजाडता हिमनदीवर होतो, भेगांवर टाकलेल्या शिड्या पार केल्या, आणि हेडवॉलखाली, म्हणजे त्या शेवटच्या भिंतीखाली, रांग. दोराच्या मध्यावर माझा जुमार घसरायला लागला. दातांत बर्फ बसला होता. हाताला धरून ठेवलं, सेफ्टी लावलेली होती म्हणून पडले नसते, पण वर-खाली आमचा एकही शेर्पा हाकेच्या टप्प्यात नव्हता. दुसऱ्याच तुकडीतला एक शेर्पा खालून आला, म्हणाला, "दिदी, इकडे द्या." जुमार हातात घेतला, आइस ॲक्सवर दोनदा ठोकला, दातांवर तोंडाची वाफ सोडली, हातमोज्याने पुसला, दोराला लावून स्वतः खेचून पाहिला आणि मगच पुढे गेला. त्याला माझ्यासाठी थांबायचं काहीच कारण नव्हतं.

वर दहा मिनिटं होते. उत्तरेला ८,५१६ मीटरच्या ल्होत्सेची अख्खी दक्षिण भिंत, इतकी जवळ की मान मागे करावी लागते. एव्हरेस्ट तिच्या मागे लपतं, ते तिथून दिसत नाही. अमा दबलम दिसतं, मकालू दिसतं. मी रडले.

परत आल्यावर शेर्पांच्या संख्येबद्दल लेखी विचारलं. उत्तर आलं की हंगामात माणसं मिळत नाहीत. हे खरं असेलही, वसंतात चांगले शेर्पा एव्हरेस्टवर असतात. मग पैसे घेतानाच तसं सांगायचं. आठ हजार मीटरच्या वरच्या शिखरांसाठी नेपाळ सरकारने दोघांमागे एक गाइड सक्तीचा केलाय. आमच्यासारख्या शिखरांना तो नियम नाही, म्हणून करारात आकडा लिहून घेणं आपल्यावरच येतं. तिसऱ्या ईमेलनंतर कंपनीने प्रत्येकाला काही रक्कम परत केली, ती आम्ही तिन्ही शेर्पांना आणि सिरदारला पाठवली.

पहिल्यांदाच बर्फावर जाणाऱ्यांनी एवढं करावं: शक्य असेल तर उत्तरकाशी किंवा दार्जिलिंगच्या गिर्यारोहण संस्थेचा बेसिक कोर्स आधी करा. कंपनी छुकुंगच्या वर अर्धा दिवस दोराचा सराव घेते, तो शिकण्यासाठी पुरत नाही, येत असलेलं आठवण्यापुरता असतो. आमच्यातल्या दोघांना गाठीपाशी जुमार बदलता येत नव्हता आणि त्यांच्या मागे अख्खी रांग चाळीस मिनिटं उभी होती, मीही त्यातच.

ऑक्टोबरमध्ये मेरा पीकला जायचं मनात आहे. त्याच कंपनीला विचारलंय, कारण तो सिरदार त्यांच्याचबरोबर काम करतो. दोन अटी घातल्या: सिरदार तोच, आणि दोघांमागे एक क्लाइंबिंग शेर्पा असं करारात. पहिली लगेच मान्य केली. दुसरीवर काल ईमेल आली, 'परिस्थितीनुसार ठरवू'. हप्ता भरलेला नाही.