लाइट गन आणि तिचे तऱ्हेवाईक गेम: काही महिने वापरून झाल्यावर

आधी निकाल सांगतो, कारणं मागून. लाइट गन, म्हणजे टीव्हीच्या पडद्यावर नेम धरून गेम खेळायची खेळण्यातली बंदूक, घ्यायची असेल तर मोठ्या नावाच्या ॲक्शन गेमच्या भरवशावर घेऊ नका. ते गेम उत्तम आहेत, पण काही आठवड्यांत त्यांचा जीव संपतो. कन्सोलमध्ये महिनोन् महिने मुक्काम ठोकतात ते विचित्र, चक्रम गेम. एखाद्यात वरून तरंगत येणारं एकुलतं एक पान टिपायचं असतं, एखाद्यात डबे हवेत उडते ठेवायचे असतात, तर एखाद्यात ज्याला वाचवायचंय त्याच्यावरच गोळी झाडायची असते. माझ्याकडे निन्टेन्डोच्या एनईएस या जुन्या कन्सोलची झॅपर ही गन, सुपर निन्टेन्डोचा सुपर स्कोप, प्लेस्टेशनच्या दोन गनकॉन आणि पिक्चर ट्यूबचा एक जुना टीव्ही आहे. हे सगळं महिनोन् महिने नियमित वापरलंय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सुरुवात टीव्हीपासून करतो, कारण "गन चालतच नाही" ही तक्रार बहुतेक वेळा टीव्हीपाशी येऊन थांबते. झॅपरमधून काहीच बाहेर पडत नाही. तो फक्त बघतो. नळीत एक भिंग आणि त्यामागे उजेड ओळखणारा सेन्सर, एवढंच. डक हंट या बदकं टिपायच्या गेममध्ये चाप ओढला की गेम एका फ्रेमपुरता, म्हणजे एका चित्रापुरता, सगळा पडदा काळा करतो आणि लगेच बदकाच्या जागी पांढरा चौकोन काढतो. काळ्यापाठोपाठ पांढरं दिसलं, तर नेम लागला. दोन बदकं असतील तर चौकोन एकामागून एक येतात, त्यामुळे कुठलं बदक पडलं तेही कन्सोलला कळतं. सेकंदाला 60 फ्रेम चालत असल्यामुळे आपल्याला जाणवते ती फक्त एक लुकलुक. गन दिव्याकडे रोखून काही साधत नाही, कारण पडदा काळा असतानाही दिवा उजेड देतच राहतो आणि चोरी पकडली जाते. 1972 च्या मॅग्नाव्हॉक्स ओडिसी या कन्सोलसाठी वेगळी मिळणारी रायफल मात्र कुठल्याही दिव्याला भुलायची. त्यानंतर केवळ बारा वर्षांनी, 1984 मध्ये, डक हंट आला. एका काळ्या फ्रेमने प्रश्न सोडवणाऱ्या माणसांबद्दल मला मनापासून आदर वाटतो.

सुपर स्कोप आणि गनकॉनची रीत वेगळी आहे. पिक्चर ट्यूबमधला झोत चित्र ओळीओळीने रंगवत खाली सरकतो. एका ओळीला जेमतेम 63.5 मायक्रोसेकंद लागतात. गनच्या समोर झोत नेमका कधी आला ते पकडलं की तुम्ही पडद्यावर कुठे रोखलंय याचा हिशोब निघतो. गनकॉनची पिवळी पिन व्हिडिओच्या वायरीत मधेच लावायची असते ती यासाठीच. तिथूनच तिला प्रत्येक फ्रेम कधी सुरू झाली ते समजतं. एलसीडी टीव्हीत असा झोतच नसतो आणि चित्रही थोडं उशिरा दिसतं, त्यामुळे या तिन्ही गन तिथे आंधळ्या होतात. पिक्चर ट्यूबचा असूनही 100 हर्ट्‌झचा टीव्ही असेल तर तोही बाद, कारण तो चित्र आत साठवून आपल्या वेळेने पुन्हा काढतो. नव्या टीव्हीवरच खेळायचं असेल तर कॅमेऱ्यावर चालणारी सिंडेनसारखी आजची गन आणि कॉम्प्युटर हा रस्ता आहे. तो चांगलाच आहे, पण हा अनुभव जुन्या गनचा आहे.

वापरातल्या दोन-तीन गोष्टी पटकन सांगतो. ब्राइटनेस आणि कॉन्ट्रास्ट नेहमीपेक्षा वर ठेवा. पडद्यावर खिडकीचं प्रतिबिंब पडू देऊ नका. टीव्ही लावल्या लावल्या गनकॉनचा नेम जुळवू नका. चित्र थोडा वेळ तापून स्थिरावलं की मगच जुळवा, नाहीतर अर्ध्या तासाने सगळे नेम एका बाजूला सरकल्यासारखे वाटतात. एवढं सांभाळलं तर गनकॉन आजही थक्क करण्याइतकी अचूक आहे.

आता गेम. या यंत्राला दोनच गोष्टी येतात: कुठे रोखलंय ते कळणं आणि चाप ओढल्याचं कळणं. चालता येत नाही, वळता येत नाही, वस्तू उचलता येत नाही. बहुतेक कंपन्यांनी त्यावर सोपा उपाय काढला. कॅमेरा आपोआप पुढे नेला आणि समोर माणसं उभी केली. तऱ्हेवाईक गेम करणाऱ्यांनी मात्र विचारलं की बोट दाखवून माणूस आणखी काय काय करू शकतो? माझ्या मते सगळी गंमत या प्रश्नात आहे.

गमशू बघा. 1986 चा एनईएसचा गेम, आजही फारसा कुणाच्या तोंडी नसतो. स्टीव्हन्सन नावाचा एफबीआयमधून बाहेर पडलेला गुप्तहेर, त्याची मुलगी पळवली गेलीय, चोवीस तासांत पाच हिरे गोळा करायचेत. इथवर नेहमीचंच. पण स्टीव्हन्सन तुमचं ऐकत नाही. तो पडद्यावर स्वतःच्या तंद्रीत चालत राहतो आणि समोर जे येईल त्याला जाऊन धडकतो. त्याला उडी मारायला लावायची असेल तर त्याच्यावरच नेम धरून चाप ओढायचा. गोळी लागली की गडी टुणकन उडतो. हवेत असताना पुन्हा लागली तर आणखी वर जातो. मधल्या वेळात समोरून येणाऱ्या वस्तूही टिपायच्या, आणि गोळ्या मोजक्याच. लाल फुगे गोळा केले तर त्या वाढतात.

ऐकायला सोपं वाटतं. हातात गन घेतल्यावर कळतं की डोक्याला उलटी सवय लावून घ्यावी लागते. पुढे खड्डा दिसतोय, वरून काहीतरी आदळायला येतंय, आणि लाल फुगा तिसरीकडेच आहे. वरची वस्तू टिपायला गन फिरवली तेवढ्यात स्टीव्हन्सन काठावर पोचतो. घाईने त्याच्याकडे वळलात आणि नेम दोन बोटं हुकला, तर गोळीही गेली आणि स्टीव्हन्सनही गेला. सुरुवातीला मी नुसता त्याच्यामागे धावत होतो. हळूहळू ताल सापडला: एक गोळी त्याला, एक वाटेतल्या वस्तूला, पुन्हा त्याला. गनने एखाद्याची काळजी घ्यायची, ही कल्पना मला आजवर दुसऱ्या कुठल्या शूटिंग गेममध्ये इतक्या थेट रूपात भेटलेली नाही. गेम अवघड आहे, काही ठिकाणी अन्यायकारकही आहे. तरीही झॅपर काढला की पहिल्यांदा हाच लावतो.

होगन्स ॲली लोकांना आठवतो तो पुठ्ठ्यांच्या माणसांसाठी. तीन पुठ्ठे वळतात, त्यातले गुंड टिपायचे, बाई, प्रोफेसर किंवा पोलीस असेल तर हात आवरायचा. ते छानच आहे. पण त्यातला डब्यांचा प्रकार जास्त टिकतो. एका बाजूने डबे फेकले जातात आणि ते गोळीगोळीने उडते ठेवत पलीकडच्या फळ्यांवर नेऊन उतरवायचे. शेवटची गोळी जरा लवकर झाडली तर डबा भलत्याच फळीवर जाऊन बसतो, उशीर झाला तर खाली. इथे नेमाइतकाच अंदाज लागतो.

डक हंटबद्दल नवीन सांगण्यासारखं फार नाही, पण एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. एका बदकाच्या प्रकारात दुसरा कंट्रोलर जोडला तर दुसरा खेळाडू बदक उडवू शकतो. समोरचं बदक माणूस चालवतोय म्हटल्यावर खेळ पार बदलतो. घरी आलेल्यांना मी हाच प्रकार आधी दाखवतो. (आणि हो, तो हसणारा कुत्रा. घरच्या गेममध्ये त्याला काही करता येत नाही, आर्केडच्या, म्हणजे नाणं टाकून खेळायच्या यंत्राच्या, आवृत्तीत मात्र बोनस फेरीत त्याला गोळी लागते.)

1992 चा सुपर स्कोप दिसायला सगळ्यात भारी. खांद्यावर ठेवायची नळीच आहे, वायर नाही, पेन्सिल सेल मात्र सहा लागतात. दिसण्याचं कौतुक लवकर ओसरतं, कारण मान एका बाजूला कलती ठेवून खेळताना खांदा आणि डोळा दोन्ही थकतात. मी एका बैठकीत अर्ध्या तासाच्या पुढे जात नाही. पण सोबत येणाऱ्या कार्ट्रिजमधला ब्लास्ट्रिस जरूर खेळा. टेट्रिससारखे ठोकळे बाजूने सरकत येतात आणि त्यांचे तुकडे गोळीने उडवून ते रचनेत बसतील असे करायचे. गनने वस्तू घडवायची, हे सुचलं कुणाला तरी! 1993 च्या योशीज सफारीत आपण योशीच्या पाठीवर बसून जातो आणि त्याचं डोकं सतत नजरेसमोर असतं. त्याला चुकवून नेम धरायचा, एवढ्या एका गोष्टीने तो गेम लक्षात राहतो. बाकी साधा आहे.

आता माझा सगळ्यात लाडका: पॉइंट ब्लँक. नामकोने 1994 साली आर्केडसाठी केला, पुढे प्लेस्टेशनवर आला. डॉ. डॅन आणि डॉ. डॉन असे दोन खुळचट चेहऱ्याचे गृहस्थ आणि काही सेकंदांत आटोपणारे चिमुकले सामने. एकात आकडे क्रमाने फोडायचे, एकात कुकू घड्याळातून डोकावणारे पक्षी टिपायचे, एकात एक मोटार जमेल तेवढी खिळखिळी करायची, एकात या दोघा डॉक्टरांवर कोसळणाऱ्या गोष्टी वरच्या वर उडवायच्या. प्रत्येक वेळी नियम काय आहे ते वाचायला क्षणभर मिळतं आणि लगेच सुरुवात. बोटाला लागलेली सवय इथे उपयोगी पडत नाही, कारण मागच्या सामन्यात धडाधड गोळ्या चालवायच्या होत्या आणि आता एकच गोळी आहे.

ती एक गोळी पानासाठी. शांत पडदा, वरून एक पान डोलत डोलत येतं. डावीकडे झुकतं, थांबल्यासारखं वाटतं, उजवीकडे घसरतं. आवाज नाही, धावपळ नाही, समोर शत्रूही नाही. पान झोक्याच्या टोकाला पोचून वळतं त्या जागी ते सगळ्यात संथ असतं, तिथे झाडायची. हे मला महिन्याभराने उमगलं आणि तरीही रोज जमत नाही. चाप ओढण्याआधी श्वास रोखला जातो. शेकडो झाँबी पाडताना हात असा कधी थरथरला नाही.

प्लेस्टेशनच्या आवृत्तीत रोलप्लेइंग गेमसारखी एक मोहीमही आहे. नकाशावर फिरायचं, आणि लढाई झाली की तलवारीऐवजी हेच चिमुकले सामने. थोडी लांबते, पण एकट्याने खेळणाऱ्याला महिने पुरते.

टाइम क्रायसिस या मोठ्या नावाच्या ॲक्शन गेमवर अन्याय नको. गनकॉन लोकांच्या हाती गेली ती त्याच्यामुळे, आणि बटण सोडून लपायचं, दाबून डोकावायचं ही त्याची पद्धत अजूनही धारदार आहे. सेगाच्या सॅटर्न कन्सोलवरचा व्हर्च्युआ कॉपही मित्राकडे भरपूर खेळलोय. गुंडाच्या हातावर गोळी मारून त्याला जिवंत नि:शस्त्र केलं की जास्त गुण मिळतात, हे त्यातलं मला सगळ्यात आवडलेलं. पण शत्रू कुठून उठणार हे पाठ झालं की अशा गेममध्ये घड्याळाशी शर्यत तेवढी उरते. पॉइंट ब्लँकमध्ये पुढचा सामना कुठला येईल हेच माहीत नसतं, आणि पान तर पाठ होतच नाही.

प्लेस्टेशन 2 वरचा स्टार्स्की अँड हच यादीत वर आहे. त्यात एकाने स्टिअरिंग व्हीलने गाडी चालवायची आणि त्याच वेळी दुसऱ्याने गनकॉन 2 ने गोळ्या झाडायच्या. ड्रायव्हरने वळण जोरात घेतलं की नेमबाजाचा नेम गेलाच, म्हणजे भांडणाची सोय गेममध्येच करून ठेवलीय. 1997 चा एलिमेंटल गिअरबोल्टही सुचवेन. मिळवलेले गुण स्कोअरला द्यायचे की स्वतःची ताकद वाढवायला, हे तिथे आपण ठरवायचं.

टिकाऊपणाचं म्हणाल तर झॅपरच्या चापाची स्प्रिंग अजूनही त्याच खणखणीत आवाजात वाजते. शेजारच्या खोलीतल्या माणसाला तुम्ही किती गोळ्या वाया घालवल्या ते मोजता येईल इतका तो आवाज आहे. गनकॉनचा चाप हलका आहे, त्यामुळे लांबच्या बैठकीला तीच बरी. मी एक भलत्याच कंपनीची गनही वापरून पाहिली. तिचा नेम पडद्याच्या कोपऱ्यांत भरकटायचा आणि एकेका गोळीच्या सामन्यांत तेवढं पुरे होतं सगळं बिघडायला. मूळ गन शोधायला वेळ लागला तरी चालेल, तीच घ्या.

आणि शक्य असेल तर दोन घ्या. गनकॉनच्या पिवळ्या पिनच्या मागेच आणखी एक पिन बसते, त्यामुळे दुसरी गन पहिलीवरच जोडता येते, वेगळा जोड लागत नाही. पॉइंट ब्लँकमध्ये एकाच्या गोळ्या लाल, दुसऱ्याच्या निळ्या. एकच वस्तू दोघांना हवी असते आणि चाप कुणी आधी ओढला यावरून पुढचा अर्धा तास वाद चालतो.