क्लासिक गाडीचं मूळ इंजिन: रिबिल्ड की सरळ बदल?

इंजिन धूर सोडतंय, मेकॅनिक म्हणतोय काढ आणि दुसरं टाक, पण मन होत नाही, बरोबर? आधी कॉम्प्रेशन टेस्ट (सिलिंडरमध्ये दाब नीट बनतो का ते तपासणं) कर बाबा, कधीकधी नुसते वॉल्व्ह सील (तेल आत गळू न देणारी छोटी रबरं) गेलेले असतात आणि आपण इंजिन बदलायच्या गप्पा मारत बसतो.

खर्चाचं बघ. रिबिल्डमध्ये, म्हणजे मूळ इंजिन उघडून नव्यानं बांधताना, बोअरिंग (झिजलेला सिलिंडर कापून थोडा मोठा करणं), त्यात बसणारे ओव्हरसाइज पिस्टन, क्रँक ग्राइंडिंग (पिस्टननं फिरणारा मुख्य दांडा घासून गुळगुळीत करणं), बेअरिंग हे सगळं आलं, आणि उघडल्याशिवाय खरा आकडा कळत नाही. बदलणं स्वस्त वाटतं कारण लोक फक्त इंजिनचीच किंमत धरतात, पण माउंट (इंजिन बसवायचे आधार), गिअरबॉक्स जुळवणं, रेडिएटर, वायरिंग, एक्झॉस्ट हे मागून येतंच, आणि ताकद वाढली की जुने ड्रम ब्रेक पण अपुरे पडतात (हे कुणी आधी सांगत नाही).

रोजच्या वापराला फ्युएल इंजेक्शनवालं नवं इंजिन सरळ जिंकतं. जुनंही नीट बांधून, शिसं नसलेल्या पेट्रोलसाठी हेडमध्ये (इंजिनच्या वरच्या भागात) कडक वॉल्व्ह सीट (वॉल्व्ह टेकतो त्या कड्या) बसवल्या तर छान टिकतं.

विकताना मात्र इंजिन नंबर मूळ असला की संग्राहक जास्त मोजतात, दुर्मिळ मॉडेलला तर फारच.

त्यामुळे दुर्मिळ गाडी, अधूनमधून चालवणार, तर रिबिल्डच. भरपूर बनलेलं साधं मॉडेल आणि लांब फिरायचंय, तर बदल खुशाल, पण गाडीच्या कागदावर नवा इंजिन नंबर चढतो का ते आधी बघ आणि जुनं इंजिन भंगारात देऊ नकोस, तेल लावून ठेव.